फेल गेलेलं बोअर

वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं घाण पाणी स्वच्छ करायचं काम केलं. आतून आलेलं काळंनिळं पाणी आधी एका टाकीत घ्यायचं, त्यात औषध टाकायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरच्या पाण्यात हवा सोडायची आणि शेवटी ते बागेला द्यायचं. शेवटच्या टाकीत आम्ही मासे पाळले होते. तपासणीला साहेब लोक आले की आधी मासे दाखवायचे आणि मग कागद. मासे पोहताना दिसले की कागद कुणी फारसे वाचत नसे. या कामाचा मला भारी अभिमान होता आणि बजाजनगरच्या आमच्या गल्लीत कुणी विचारलं नाही तरी मी त्याबद्दल ऐकवत असे.

त्यामुळे नोकरी संपत आली आणि गावाकडे शेतात घर बांधायचं ठरलं, तेव्हा सांडपाण्याची काळजी घरात कुणालाच नव्हती. बायकोनं स्वयंपाकघर, ओटा, खिडक्या यात लक्ष घातलं. मी म्हटलं, संडास-न्हाणीचं पाणी माझ्याकडे. तेवढं एक काम माझ्याकडे होतं आणि तेवढंच चुकलं.

आमचं गाव शेंद्र्याच्या पुढे, मोठा रस्ता सोडून डोंगराकडे आत. शेत उताराचं. वरचा तुकडा आमचा, खालचा काकूचा. काकू म्हणजे माझी चुलती, वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले. मुलगी लग्न होऊन जालन्याकडे गेली. काकू खालच्या तुकड्यात दोन खोल्या बांधून एकटी राहते, शेजारीच तिची विहीर. वाटणीत विहीर तिच्याकडे गेली आणि शेतीच्या पाण्यावरचा आमचा हक्क संपला. पण प्यायचं पाणी वाटणीत धरलं नव्हतं. कागदावर तसं काही लिहिलेलं नाही. पंच उठायला लागले तेव्हा काकू दारात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "प्यायला कवाबी न्या." तेव्हापासून आम्ही गावी गेलो की पाणी तिथलंच प्यायचो, आणि येताना पाच लिटरचा एक कॅन भरून बजाजनगरलाही आणायचो. त्या पाण्यात डाळ लवकर शिजते असं बायकोचं म्हणणं आहे.

विहीर गेल्यावर वडिलांनी वरच्या तुकड्यात बोअर घेतलं. पाणाड्यानं नारळ फिरवून जागा दाखवली होती. गाडी आली, दिवसभर धडधडली, संध्याकाळपर्यंत नुसता राखाडी धुरळा निघाला. पाण्याचा थेंब नाही. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पुढे त्यांनी बोअरच्या तोंडावर एक शहाबादी फरशी ठेवली आणि त्या बोअरचा विषय मरेपर्यंत काढला नाही. दुसऱ्या कुणी काढला तर ते उठून गुरांकडे जायचे.

घर आम्ही स्वतःच उभं केलं. नकाशा वहीच्या पानावर काढला. गावचा एक मिस्त्री होता, हात चांगला, पण त्याच्या घरी मेंढरं होती. चारायला माणूस नसला की तो थापी टाकून मेंढरांमागे जायचा आणि मग भिंत दोन दिवस तशीच राहायची. मी चिडलो की तो शांतपणे म्हणायचा, "भाऊ, भित कुटं पळून जात नाय. मेंढरू जातंय."

सांडपाण्याचा विषय निघाला तेव्हा पहिला सल्ला त्यानंच दिला. खड्डा मोठा घ्यायचा, चारी बाजूंनी दगड रचायचा, खाली काही करायचं नाही. "माझ्या सासऱ्याची टाकी बघा. ईस वर्सं झाली, आजून भरली नाय." आमच्याकडे हे टाकीचं कौतुक म्हणून सांगतात, दुभत्या म्हशीबद्दल सांगावं तसं. मी विचारलं, पाणी जातं कुठं? तो म्हणाला, "जमीन पिती." मी त्याला तासभर समजावलं की जी टाकी कधीच भरत नाही ती फुटकी असते, खालून गळत असते आणि गळलेलं कुणाच्या तरी विहिरीत जातं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "मंग तुमीच सांगा. तुमी त्यातले."

मी त्यातला होतो म्हणूनच माझं डोकं भलतीकडे गेलं. मी कारखान्याच्या धर्तीवर एक छोटं यंत्रच बसवायचं ठरवलं. तीन टाक्या, घाण खाणाऱ्या जंतूंना हवा द्यायला ब्लोअर, गाळ परत फिरवायला पंप. आकृती काढून बायकोला दाखवली. तिनं ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ब्लोअर कशावर चालतो? मी म्हटलं, लाइटवर. ती म्हणाली, "गावात लाइट किती वेळ असते? लाइट गेली की तुमचे ते जंतू मरणार. मग त्यांचा दहावा तुम्हीच घालत बसा." ती एवढ्यावर थांबली नाही. बावीस वर्षं दुसऱ्याचं पाणी स्वच्छ करून पगार घेतला, घरच्या चार माणसांचं पाणी कुठं सोडायचं ते कळंना, असं तिनं माझ्या सासरीही सांगितलं. आकृती मी घडी करून ठेवून दिली.

मग औरंगपुऱ्यात एका दुकानात तयार प्लास्टिकची टाकी पाहायला गेलो. गल्लीत स्कूटर लावायला जागा मिळेना, तिथूनच माझं डोकं तापलेलं. दुकानदार गोड माणूस होता. टाकीवर थाप मारत म्हणाला, "लगाओ और भूल जाओ." मी विचारलं, यातून बाहेर पडणारं पाणी कुठं सोडायचं? तो हसून म्हणाला, "वो आपका मसला है, भाईसाब." खरं बोलला तो. टाकी कुठलीही घ्या, आत गेलं तेवढं पाणी बाहेर येणारच, आणि ते सोडायला जागा लागणारच.

शेवटी पुस्तकातली साधी पद्धत ठरली. पक्की टाकी आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याला शोषखड्डा. खड्डा खणायला घेतला आणि चार फुटांवर मुरूम संपून काळा खडक लागला. दुसरीकडे खणला, तिथंही तेच. मिस्त्रीनं पहार आपटली तर ठिणगी उडाली. दोन्ही खड्ड्यांत मी पाणी ओतून पाहिलं. सकाळचं पाणी दुसऱ्या सकाळी तसंच होतं आणि त्यात बेडूक येऊन बसला होता.

एव्हाना घराला रंग लागला होता. गुरुजींनी वास्तुशांतीची तारीख काढून दिली होती, पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी रोज संध्याकाळी त्या दोन खड्ड्यांच्या कडेला उभा राहायचो आणि घरात कुणी काही विचारलं की खेकसायचो. अशाच एका संध्याकाळी मिस्त्री हात धुता धुता म्हणाला, "भाऊ, ते फेल बोअर हाय ना. त्यात सोडा की. समदे सोडत्यात."

मी त्याला झिडकारलं. हे करू नये हे मला त्याच्यापेक्षा शंभर पटीनं माहीत होतं. जमिनीवर टाकलेलं पाणी मातीतून गाळलं तरी जातं. बोअरमध्ये टाकलेलं थेट खाली जातं. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मी स्वतःशी वाद घालू लागलो. आपण काही मैला सोडणार नाही, टाकीतून निवळून आलेलं पाणी सोडणार. बोअर कोरडं आहे, म्हणजे खाली पाण्याची झीर नाही, म्हणजे ते कुठं जाणारही नाही. आणि गुरुजींनी सांडपाण्याची दिशा वायव्य सांगितली होती. फरशीखालचं ते बोअर बरोब्बर वायव्येला होतं. बायकोला हे कळल्यावर तिला जागा पटून गेली. मला आणखीही एक वाटत होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. वडिलांचं बोअर इतक्या वर्षांनी काहीतरी कामाला येणार, याचा मला आनंद झाला होता. त्यांच्या त्या उपाशी दिवसाचं काहीतरी चीज होईल असं मला वाटत होतं.

तरी मी अगदी डोळे मिटून उडी मारली नाही. त्यातला माणूस होतो ना. कारखान्यात पाइप कुठं गळतोय ते शोधायला आम्ही एक रंग वापरायचो. चिमूटभर पूड पाण्यात टाकली की पाणी हिरवं होतं आणि उन्हात धरलं की पिवळट हिरवं उजळतं. तो रंग विषारी नाही, तसं डब्यावर लिहिलेलं असतं. मी एक डबा आणला. फरशी सरकवली, डबाभर रंग बोअरमध्ये ओतला आणि वरून दोन टँकर पाणी सोडलं. बोअरनं दोन्ही टँकर गिळले आणि ढेकरही दिला नाही. मग मी आठ दिवस रोज सकाळी काकूच्या विहिरीवर जाऊन पोहऱ्यानं पाणी काढायचो, काचेच्या बाटलीत भरायचो आणि उन्हात धरून पाहायचो. पाणी आठही दिवस नितळ.

काकूनं एकदा विचारलं, "काय बघतूस रं रोज?" मी म्हटलं, "पाणी तपासतोय." ती म्हणाली, "तपास बाबा. शिकलेला हायेस." आणि ती आपल्या कामाला लागली. कशासाठी तपासतोय हे मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोअरचं सांगावं लागलं असतं.

नवव्या दिवशी मी मिस्त्रीला पाइप जोडायला सांगितलं. मला अगदी मोकळं वाटलं. घरी फोन करून मी म्हणालो, शास्त्रशुद्ध चाचणी घेतली आहे.

आता चूक सांगतो. ते आठ दिवस काकूची मोटर जळालेली होती आणि वायंडिंगला शहरात गेली होती. मोटर बंद, म्हणून विहीर काठोकाठ भरलेली. भरलेल्या विहिरीत बाहेरचं पाणी शिरत नाही. मोटर सुरू होऊन पातळी खाली गेली की मगच खडकाच्या फटीतून पाणी खेचलं जातं. हे कारखान्यातल्या नवीन पोरालाही मी पहिल्या आठवड्यात शिकवत असे. आणि काकूची मोटर शहरात नेऊन टाकली होती ती कुणी, तर मीच. टेम्पोत माझ्या पायाशी ठेवून नेली होती. मोटर परत आली, कांद्याला पाणी द्यायला ती रोज आठ-आठ तास चालू झाली, तेव्हा मी पाणी बघायचं सोडून मंडपवाल्याशी भांडत होतो.

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. संडास तयार होता, पण पूजा झाल्याशिवाय कुणी वापरायचा नाही अशी बायकोची सक्त ताकीद होती. अंगणात मंडप, मंडपात भावकी, शहरातले माझे जुने सोबती, बायकोच्या माहेरची मंडळी. आमच्यात रिवाज असा की नव्या घरात पहिलं पाणी भावकीतल्या मोठ्या बाईनं जुन्या विहिरीवरून आणायचं. त्यातलं थोडं उंबऱ्यावर घालायचं, उरलेलं माठात ओतायचं, आणि माठातला पहिला पेला घरच्या जोडप्यानं प्यायचा. मोठी बाई म्हणजे काकूच. ती नवं लुगडं नेसून, डोक्यावर तांब्याची घागर घेऊन चढ चढून आली. मागे भावकीतल्या दोन सुना हात धरायला होत्या, पण तिनं कुणाला धरू दिलं नाही.

उंबरा पूर्वेला. सकाळचं ऊन सरळ दारात पडलेलं. काकूनं घागर तिरकी केली आणि पाण्याची धार उन्हात आली.

धार हिरवी होती. फार नाही. कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येणार नाही इतकी. पण तो पिवळट हिरवा उजेड मी बावीस वर्षं पाहत आलो होतो. गुरुजी मंत्र म्हणत होते. बायको पेला घेऊन उभी होती. इतक्या माणसांत तो रंग ओळखणारा मी एकटा होतो, आणि मी गप्प बसलो असतो तर कुणालाही काही कळलं नसतं. रंग चार दिवसांत निघून गेला असता. आणि त्याच वाटेनं पुढे जे गेलं असतं त्याला रंग नसता. मी गप्प बसायचा विचार केला, हे खरं आहे. किती वेळ केला ते सांगता येत नाही, पण काकूनं दोनदा धार धरली तेवढा वेळ नक्की केला.

मग मी पुढे होऊन घागरीला हात लावला. म्हणालो, "काकू, थांब. माठात ओतू नको. पाणी हिरवं आहे."

मला वाटलं ती चिडेल, निदान दचकेल. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं तिनं विचारलं, "तुलाबी दिसतंय?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "चार दिस झाले. मला वाटलं माझं डोळंच गेलं. म्हनलं, आता आपरेशन करा म्हनतील, पोरीकडं जाऊन पडावं लागंल. म्हून बोलले नाय कुनाला." आणि ती हसली. सुटका झाल्यासारखी हसली.

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. चार दिवस ती माझा रंग पीत होती आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देत होती. मी लाजेनं वर पाहू शकलो नाही. गुरुजींनी विचारलं, यजमानांना चक्कर आली का? मी म्हटलं, नाही. उठलो, घरामागे गेलो, संडासाच्या दाराला कडी घातली आणि स्कूटरच्या डिकीतलं कुलूप काढून लावलं. मग मंडपात येऊन जे झालं ते सगळं सांगितलं. पूजा शेजारच्या वस्तीवरून आणलेल्या पाण्यानं झाली. जेवणं झाली. शहरातल्या पाहुण्यांना दुपारी ओढ्याकडे जावं लागलं आणि माझ्या मेहुणीनं ती गोष्ट अजून सोडलेली नाही. नव्या घराची वास्तुशांत आणि संडासाला कुलूप, असं ती दर लग्नात सांगते. सांगू दे.

संध्याकाळी मंडप निघाल्यावर मी काकूकडे गेलो. ती कांद्याच्या वाफ्यात बसली होती. रंग विषारी नाही, हे मी तिला परत परत सांगत होतो. तिनं विचारलं, "इख न्हाई ना? मंग सोड." पण नंतर ती खरंच रागावली आणि वेगळ्याच गोष्टीवर रागावली. म्हणाली, "आरं, मला इचारायचं व्हतंस. तुझ्या बापानं ते बोअर पाडलं तवा माझ्या हिरीत बुडबुडं आलं व्हतं. दोन दिस पानी राखंवानी. ते बोअर आन ही हीर आतून एकच हाय."

मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "नवी नवी वाटनी झालेली. म्या बोलले असते तर म्हनले असते, बाई भांडान उकरती. तुझा बाप आधीच जेवला नव्हता."

हे ती इतकी वर्षं जाणून होती. मी औरंगपुऱ्यातल्या दुकानदाराला विचारलं, गुरुजींना दिशा विचारली, कारखान्यातून रंग आणला. त्या विहिरीचं पाणी चाळीस वर्षं रोज काढणाऱ्या बाईला मात्र, पाणी कुठून येतं ते विचारलं नाही. उलट तिनं विचारलं तेव्हा टाळलं. याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून मी काकूला प्यायच्या पाण्याचे जार पोहोचवायला लागलो. मिस्त्रीनं पाइप तोडला. बोअरमध्ये तळापासून खडी आणि सिमेंट भरत आणलं, वर काँक्रीटचं झाकण टाकलं. तो हे काम करत होता तेव्हा मी जवळ उभा होतो. वडिलांची फरशी बाजूला ठेवली होती. ती मी पुढे न्हाणीच्या दारात बसवली.

नवीन योजना काकूला विचारून केली. पाणी घराच्या मागे न नेता पुढे, रस्त्याच्या अंगाला न्यायचं, तिकडचा उतार विहिरीपासून दूर जातो. म्हणजे टाकी घराच्या दर्शनी भागात आली. बायको म्हणाली, "लोक दारात तुळस लावतात, आपण टाकी लावायची." पण ती आडवी आली नाही. खडक फोडला नाही. टाकी अर्धी जमिनीत, अर्धी वर, तीन कप्प्यांची, आतून तीनदा गिलावा केलेली. ती काठोकाठ भरली, पाण्याच्या पातळीवर खडूनं खूण केली आणि झाकली. आठ दिवस पाणी खुणेवरून हललं नाही. या वेळी आठ दिवसांवर माझा विश्वास बसेना म्हणून आणखी आठ दिवस थांबलो. टाकीच्या पुढे लांब चौकोनी वाफा केला. त्याच्या तळाला शेततळ्याला वापरतात तो प्लास्टिकचा जाड कागद अंथरला, वर खडी, खडीत कर्दळ. टाकीतून येणारं पाणी कर्दळीच्या मुळांतून सावकाश पुढे सरकतं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं. तिथं शेवगा आणि लिंबू आहे. याला ना लाइट लागते ना ब्लोअर. टाकीतला गाळ मात्र चार-पाच वर्षांनी उपसावा लागणार. मिस्त्रीला ते अजून कमीपणाचं वाटतं. "भरनार म्हंजे?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, भरली पाहिजे. भरली नाही तर घाबरायचं.

कर्दळ फुलली तेव्हा रस्त्यानं जाणारे विचारू लागले की बाग कुणाची. बायको आता स्वतःची म्हणून सांगते.

काकूच्या विहिरीचं पाणी मी शहरात तपासायला दिलं. एकदा, मग पावसाळ्यानंतर परत, मग उन्हाळ्यात मोटर आठ तास चालवून परत. तिन्ही वेळा चांगलं आलं. जार बंद झाले आणि काकू पुन्हा विहिरीचं पाणी प्यायला लागली. पण एक सवय तिला लागली होती. मी गेलो की ती पेला भरायची, उन्हात धरायची आणि माझ्यापुढे करायची. "बघ रं. हाय का काय?" मी बघायचो आणि म्हणायचो, नाही. मग ती प्यायची. ती हे चेष्टेनं करत नव्हती आणि टोमणाही मारत नव्हती. तिचा आपल्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला होता, एवढंच. डोळ्यांच्या डॉक्टरला मी दाखवून आणलं होतं. एका डोळ्यात मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, घाई नाही, असं तो म्हणाला होता. तरी ती मला विचारायची. मी तिचं पाणी परत दिलं होतं, पण तिचे डोळे मला परत देता येत नव्हते.

आणि मी स्वतः त्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं होतं. पाणी चांगलं आहे हे कागदावर होतं. पण प्यायचं पाणी वाटणीत न धरणाऱ्या बाईच्या विहिरीवर पेला मागायची हिंमत होत नव्हती. तहान लागली तरी मी वर घरी येऊन पाणी प्यायचो. काकूच्या ते लक्षात आलं आहे हे मला माहीत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिच्याकडे तिची मोटर बघायला गेलो होतो. काम संपल्यावर घाम पुसत ओसरीवर बसलो. तिनं माठातून काचेचा पेला भरला, दारात आली, पेला उन्हात धरला. मी सवयीनं पुढे वाकलो. तिनं तो माझ्यापुढे केला नाही. एक डोळा मिटून तिनं स्वतःच पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. अर्धा पेला ती प्यायली. मग उरलेला माझ्या हातात दिला.

"काय नाय त्यात," ती म्हणाली. "म्या बघितलंय. पी."

मी प्यालो.